निळ्या डब्यावरचं नाव

"माई, आधी भिंत धरा, मग ऐका," फोनवर फोरमन म्हणाला. "दादांना दवाखान्यात आणलंय. आणि वहिनींना पोलिसांनी धरलंय."

माईंनी भिंत-बिंत काही धरली नाही. पायात येतील त्या चपला घातल्या आणि निघाल्या. नवरा गेल्यावर लाकूड-पॉलिशचा कारखाना त्यांनी एकटीने तोलून धरला होता. पडायची सवयच नव्हती.

दवाखान्यात लेक खाटेवर धापा टाकत होता. कपाळाला हात लावताच म्हणाला, "माई, धुक्यात बसल्यासारखं वाटतंय गं."

डॉक्टरीणबाई वयाने लहान होती, पण तिची नजर पळत नव्हती.

"कारखान्याच्या केबिनमधल्या बाटलीतून काल संध्याकाळी दोन पेले घेतले यांनी. त्या दारूत ॲसिटोन मिसळलंय, असं तुमचे जावई सांगतात. सुनेने त्यांच्यापाशी कबूल केलं म्हणे."

"ते काय असतं, मला माहीत आहे. लोकांना काय माहीत असतं, ते सांगा."

"नखांचा रंग पुसायचं पाणी. कारखान्यात गोंद-रंग धुवायला वापरतात. त्या हिशेबाने मी औषध चालू केलंय. पण..."

"गिळू नका. बोला."

"ॲसिटोन पोटात गेलं की तोंडाला गोडसर वास मारतो. यांच्या तोंडाला नाही. आणि त्याने नजर अशी जात नाही. रक्त बाहेर तपासायला पाठवलंय, उत्तर उद्या येईल. तोवर डोळे राहतील का, सांगता येत नाही. जिवाचंही."

माई ताडताड बाहेर आल्या.

बाकावर सून बसली होती, शेजारी शिपाईबाई. समोर इन्स्पेक्टर आणि जावई. हा जावई शिंकला तरी इंग्रजीत शिंकायचा. कारखान्याची जागा विकून मोठं दुकान टाकायचं त्याच्या डोक्यात कधीपासून होतं. लेकाने परवाच तोंडावर नाही म्हटलं होतं.

"बाई, चौकशी आम्ही करतोय," इन्स्पेक्टर म्हणाले.

"करा की. माझा लेक आंधळा होईस्तोवर सावकाश करा. मला फक्त चार प्रश्न विचारू द्या. जावईबापू, सून काय म्हणाली? तिच्याच शब्दांत सांगा."

"सकाळी रडत फोन केला. म्हणाली, 'भाऊजी, मी यांच्या बाटलीत ॲसिटोन ओतलं.'"

"ॲसिटोनच म्हणाली?"

"अगदी स्पष्ट."

"खोटं आहे!" सून किंचाळली. "हे पडले म्हणून सांगायला फोन केला होता मी!"

"तू थांब. जावईबापू, पॉलिशच्या खोलीत कधी गेला होतात?"

"मी? त्या वासाने माझं डोकं उठतं. उंबरठासुद्धा ओलांडलेला नाही."

"साहेब, डबा कुठे मिळाला?"

"मागच्या फळीवर. निळा डबा. नाव भिंतीकडे होतं, फिरवल्यावर दिसलं. इंग्रजीत ठळक: ॲसिटोन."

माईंनी सुनेकडे पाहिलं. "निळ्या डब्यात काय असतं गं?"

"स्पिरिट. लाख भिजवायचं. मीच भरते की पिंपातून."

"पिंपावर कवटीचं चित्र असलेलं?"

"तेच."

माई दाराकडे वळल्या आणि सगळा मजला हादरेल अशा आवाजात ओरडल्या, "डॉक्टर! ॲसिटोन नाही, लाकडाचं स्पिरिट!"

"मिथेनॉल?" डॉक्टरीणबाईचा चेहरा उतरला. "अहो, त्याचा इलाज वेगळा! सिस्टर, डायलिसिसला कळवा!" ती आत धावली.

"हे कसं काय?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "डब्यावर तर..."

"डब्यावर काय वाट्टेल ते असू द्या. आमच्याकडे डबा गळेपर्यंत टाकत नाहीत. गोंदाच्या डब्यात खिळे, बिस्किटांच्या डब्यात पॉलिशकागद. नाव खरवडायला वेळ कुणाला? ॲसिटोन आणणं तर माझा नवरा होता तेव्हाच बंद झालं. त्या निळ्या डब्याला कारखान्यातलं शेंबडं पोरही स्पिरिटचा डबा म्हणतं. मग साहेब, या प्रकरणात ॲसिटोन हा शब्द आला कुठून? एकच जागा आहे. भिंतीकडे तोंड केलेली ती पट्टी. ज्याने डबा उचलला, नाव वाचलं, वाचलेलं खरं मानलं आणि ओतलं, त्याच्याच तोंडी ते नाव येणार."

"हिनेच वाचलं असेल!" जावई म्हणाला.

"स्वतः स्पिरिट भरून मग डब्यावर वाचणार, आत काय आहे ते?"

"मुद्दाम खोटं नाव सांगितलं असेल तर?" इन्स्पेक्टर.

"ज्याला लपवायचंय तो गप्प बसतो साहेब. फोन करून गुन्हा कबूल करायचा आणि विषाचं नाव तेवढं चोरायचं, हा कुठला शहाणपणा? माझा लेक गेला, सून तुरुंगात गेली, की जागा माझ्या मुलीची. म्हणजे कुणाची, ते तुम्ही लिहा."

जावयाने कॉलर सैल केली. "उगाच काहीतरी! ज्यावर लाल अक्षरात ॲसिटोन लिहिलंय त्यात स्पिरिट निघेल, हे मला कसं कळणार होतं?"

बोलला आणि थांबला. बाकावरची शिपाईबाईसुद्धा त्याच्याकडे बघायला लागली.

"उंबरठा न ओलांडता," माई म्हणाल्या, "फार लांबचं वाचता हो तुम्ही. अक्षरांच्या रंगासकट."

इन्स्पेक्टरांनी त्याचा दंड धरला. माईंनी तिकडे पाहिलं नाही. घरी त्यांची मुलगी नवऱ्याची वाट बघत होती, आणि ते तिला सांगायलाही त्याच जाणार होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई म्हणाली, "जीव वाचला. डोळ्यांचं मात्र काळावर सोपवा."

खाटेवर उन्हाचा मोठा पट्टा पडला होता. लेक जागा झाला.

"माई, खिडकी उघड ना. किती अंधार केलाय."

सुनेने तोंडात पदर कोंबला. खिडकी सताड उघडी होती.

माई उठल्या. त्यांनी कडी मुद्दाम खडखडवली, झडप भिंतीवर आपटली.

"उघडली रे."

त्याने चेहरा आवाजाकडे वळवला.

"हां," तो म्हणाला. "गालाला ऊन लागतंय."