काळ्या काठाची पांढरी साडी

ओमतीच्या चौकात ई-रिक्षा खड्ड्यात आदळली आणि क्षमाच्या बुटीकची डमी थेट रस्त्यावर आडवी झाली. पांढरा कुर्ता, काळा दुपट्टा, एक हात वर... सिहोऱ्याच्या बसमधून उतरलेला एक तरुण घाबरून धावत आला आणि वाकून बघतो तर काय, प्लास्टिकची बाई. क्षमाच्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं. जबलपूरच्या रस्त्यात मराठी कानावर पडली म्हणून तो हसला. डमीला उभं करून त्यानं तिचा दुपट्टाही झटकला.

“तुमची मैत्रीण पडली,” तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. “लागलं का, विचारा तिला.”

“ती बोलत नाही.”

“अच्छा... मग आमच्यातलीच आहे. मी पण कमीच बोलतो.”

हे त्यानं पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. क्षमानं ते तेव्हाच मनावर घेतलं असतं तर पुढचं दुखणं टळलं असतं. पण तिचं लक्ष त्याच्या बोलण्याकडे नव्हतंच, ते होतं डोळ्यांकडे.

त्याचं नाव आनंद. सिहोऱ्याच्या सरकारी दफ्तरात नोकरी, रोज बसनं जाणं-येणं. संध्याकाळी बसमधून उतरला की तो क्षमाच्या बुटीकवरून घरी जाऊ लागला. खरं तर त्याचं घर दुसऱ्या दिशेला होतं, पण तेवढं कोण विचारतंय!

बुटीकमध्ये रंग दोनच, काळा आणि पांढरा. क्षमाच्या आईनं, इंदूताईंनी, सुरुवातीला कपाळाला हात लावला होता. काळं संक्रांतीला, पांढरं कोणी गेल्यावर, मग वर्षभर विकशील काय, असं त्यांचं म्हणणं. पण पोरीला नजर होती. ठेंगणीला ती काळ्या कुर्त्यावर पांढऱ्या उभ्या रेघा द्यायची. सावळीला काळी सुती साडी आणि वर शुभ्र ब्लाउज. पन्नाशीच्या मास्तरीणबाईंना काळ्या साडीवर चांदीचे झुमके घालायला लावले, तर बाई आरशासमोरून हलेनात. फक्त एक नियम पक्का होता, काळ्या दगडावरची रेघ म्हणा ना: नुसतं पांढरं सोडायचं नाही. काठ, बटणं, निदान टिकली तरी काळी हवीच.

आनंद जबलपूरची ती काळपट खोव्याची जलेबी घेऊन यायचा. “काळी आणली, तुझ्या दुकानात चालते म्हणून,” म्हणायचा. मग पांढरं कुठंय, असं तिनं विचारलं की खिशातला रुमाल काढून पुढं धरायचा. एका रविवारी नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या घाटावर, दुकानातल्या कपड्यांचे फोटो काढायचे होते. त्याची बहीण एकता काळ्या-पांढऱ्या साडीत नटून उभी राहिली आणि हा उन्हात छत्री धरून. वाऱ्यानं पदर उडाला, क्षमा तो सावरायला गेली, छत्री मात्र बहिणीला सोडून क्षमाच्या डोक्यावर आली. एकता ओरडली, “दादा, मॉडेल मी आहे!” दोघंही दुसरीकडे बघू लागले... आणि दोघांनाही कळायचं ते कळलं.

तो बौद्ध घरातला, ती कुणब्यांची. घरात कुरबुर होणार हे क्षमा जाणून होती; आईला काय उत्तर द्यायचं तेही तिनं ठरवून ठेवलं होतं. आता फक्त त्यानं विचारायचं होतं. त्यानं विचारावं, एवढ्याच आशेवर ती रोज संध्याकाळी सहाची बस ऐकत बसायची.

आणि त्यानं विचारलं. पण त्याच्या पद्धतीनं.

एके दिवशी जलेबीऐवजी त्यानं एक पुडकं टेबलावर ठेवलं. आत रेशमी साडी होती, पांढरीशुभ्र, काठही पांढराच. “आईनं पसंत केली,” तो म्हणाला. मग पुडक्याचा कागद सारखा करत, “तुला स्वतःला नेसायला आवडेल... तशी कर. तुझ्या मनानं.”

क्षमाला वाटलं, माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक कोणतं! तिनं जीव ओतला. चार बोटं रुंद काळा काठ लावला, काळा ब्लाउज शिवला, आणि साडी नेसवून डमी दर्शनी भागात उभी केली.

आनंद आला. डमीसमोर उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू कुठं गेलं, ते तिला कळलं नाही.

“काळा काठ काहून लावला?”

“मग? नुसती पांढरी कोण नेसते?” ती हसत म्हणाली. “मी तर जन्मात नाही नेसणार बाबा. भेव वाटते मला.”

“अच्छा,” तो म्हणाला. काठावरून त्यानं एकदा बोट फिरवलं. “राहू दे इथंच. चलो... उशीर होऊन राहिला.”

त्यानंतर सहाची बस येत राहिली, तो आला नाही. फोन केला तर काम आहे म्हणाला. क्षमाही मानी. विचारायचं त्यानं, नि मागे धावायचं मी? बोलेल त्याची बोरं विकली जातात म्हणतात. इथं दोघंही टोपली झाकून बसले.

वर्ष उलटलं. एक दिवस एकता आली. पुडक्यातून पांढरी साडी निघाली.

“दादाच्या लग्नाची आहे, दीदी. वहिनीला तुमच्याच हातचा ब्लाउज पाहिजे. फक्त... यावर काळं नका लावू.”

क्षमानं साडी उलगडली; काठही पांढराच. तिच्या तोंडून निघालंच, “नवरीला पांढरी?”

“आमच्यात नवरी पांढरीच नेसते. तुम्हाला माहीत नव्हतं?” एकता तिच्याकडे बघत राहिली. मग तिची नजर दर्शनी भागात अजून तीच साडी नेसून उभ्या असलेल्या डमीकडे गेली. “दादानं दिली होती ना तुम्हाला... मला वाटलं, तुम्ही लग्नाला नाही म्हटलं. त्यालाही तेच वाटलं. आमच्या घरातली पांढरी साडी तुम्ही जन्मात नेसणार नाही म्हणून.”

क्षमानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. नवरीचा ब्लाउज मात्र तिनं मन लावून शिवला. त्या पोरीचा काय दोष! शिवून झाल्यावर डमीची साडी उतरवली आणि काळा काठ उसवायला घेतला. टाका उसवत होता, तशी ती रडत होती.

लग्नाच्या हॉलमध्ये सगळीकडे पांढरंच पांढरं होतं. नुसत्या पांढऱ्या साडीतली क्षमा कुणाच्या नजरेत आली नाही, एकाच्या सोडून. पंचशील संपलं, फुलं पडली, ती शुभेच्छा द्यायला पुढं झाली, तेव्हा आनंदची नजर तिच्या पदराच्या कडेवर गेली. तिथं सुईच्या भोकांची ओळ अजून दिसत होती. त्यानं वर पाहिलं... आणि पाहतच राहिला.

शेजारी त्याची आई उभी होती, लताकाकू. त्यांनी क्षमाच्या गालावरून हात फिरवला. “पोरी, किती शोभते तुला पांढरं. कधी नेसत काहून नाही?”

“माहीत नव्हतं, काकू,” क्षमा म्हणाली. आनंदला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली. “खरंच मला माहीत नव्हतं.”