अष्टमीतली रिकामी खोली

माझ्या शंभर गोष्टींतल्या नव्व्याण्णव थापा असतात, हे पेणमध्ये कुणीही सांगेल.

ही उरलेली एक.

गेल्या मार्गशीर्षातला मंगळवार. रोह्याचा पूल ओलांडून पलीकडे अष्टमी गाव. रात्र नव्हती, भर दुपार होती. आळीचं नाव मुद्दाम सांगत नाही.

माझी भाची नूतन, सातवा महिना. तिचा नवरा मिथुन रोह्याला कंपनीत लागला होता. बाळंतपणाआधी खोली हवी होती. वस्ती पारखायला मला नेलं.

खोली छान. उजेड, वारा, मागं मोरी. शेजारच्या काशीबाईंनी आल्याआल्या चहा दिला. त्यांचं मनगट वाकडं बसलेलं होतं.

"चोरी नाय, भांडण नाय. राहाच गो तू," त्या नूतनला म्हणाल्या.

आम्ही धरमतरकडची मिठागरातली माणसं. घर आवडलं की कोपऱ्यात मूठभर मीठ ठेवतो. ठेवलं की घर आपलं.

"मामा, आधी चार लोकांना विचारा तरी," नूतन म्हणाली.

"मी माणूस बघून ओळखतो," मी म्हणालो. आणि मीठ ठेवलं.

तेवढ्यात आळीतली दारं लागायला लागली. एकेक करून...

मग सगळ्या घरांतले टीव्ही मोठे झाले. एकदम.

दीड वाजला होता.

आमचंही दार लागलं... आणि बाहेरून कडी पडली.

"ओ काशीबाई," मिथुननं हाक मारली.

शेजारचा टीव्ही आणखी मोठा झाला.

पहिला तडाखा भिंतीवर बसला. आतल्या बाजूनं. गिलावा खाली आला. खोलीत आम्ही तिघंच होतो.

दुसरा मिथुनच्या तोंडावर. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. तो उठायच्या आत कुणीतरी त्याला पाय धरून ओढलं... आणि भिंतीवर आपटलं. धोब्यानं कपडा आपटावा तसं. पुन्हा. पुन्हा.

दिसत काहीच नव्हतं.

मग सगळं थांबलं.

नूतन पोटावर हात धरून ओट्याखाली शिरली होती. आणि फरशीवर तिच्या दिशेनं काहीतरी सरकत होतं... जड... संथ.

मी तिच्यावर आडवा पडलो. माझ्या तीन बरगड्या त्या दुपारी गेल्या. मोजून तीन. चौथीची थाप मारत नाही.

पावणेदोनला कडी निघाली. दारात काशीबाई, हातात हळदीची वाटी.

"झालं. रोज एवढंच असतं," त्या म्हणाल्या. "खोली रिकामी असली की घरोघर फिरतो तो. भाडेकरू असला की त्याच्याकडंच जातो."

"कोण तो?"

"आमी कधी इचारलं नाय."

आम्ही रिक्षा करून पेणला आलो. सुटलो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता नूतनच्या घराचं मागचं दार उभं चिरलं. मिथुन खाटेवरून फेकला गेला.

तिसऱ्या दिवशी नूतनच्या पाठीवर पाच बोटं उठली.

मीठ मी ठेवलं होतं. घर आम्ही घेतलं होतं. तो भाडेकरूकडं येत होता.

चौथ्या दिवशी सकाळी पेण स्टँडवर शिवा भेटला. खांब गावचा, भातशेतीवाला, ओळखीचा. बायको प्रतिक्षा सोबत होती. मुलांच्या शाळेसाठी रोह्याकडं खोली शोधत होते.

"काका, तुमी अष्टमीत खोली बघितलीत ना? वस्ती कशी हाय?"

मी प्रतिक्षाकडं बघितलं. मग मला नूतनची पाठ आठवली.

"उत्तम," मी म्हणालो. "आजच ताब्यात घे. दुपारच्या आत."

आयुष्यातली सगळ्यात छोटी थाप. इतक्या लवकर कुणालाच पटली नव्हती.

त्या दुपारी दीड वाजला, दोन वाजले. आमच्याकडं भांडंसुद्धा हललं नाही. माघात नूतनला मुलगी झाली, धडधाकट.

शिवाचा फोन येतो अधूनमधून. शिव्या देत नाही. हल्ली बोलताना फुसफुस होते, पुढचे दात नसल्यासारखी. प्रत्येक वेळी एकच विचारतो.

"काका... तुमच्या ओळखीत कोण खोली बघतंय का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.