मराठीत आलेला ग्रीक राजा

लीड्सच्या लायब्ररीत दर शनिवारी ग्रीक महाकाव्यांचा वर्ग भरायचा. त्या दिवशी डॉक्टर चैत्राली वॉर्डमधून थेट धावत आली, केस भिजलेले, आणि खुर्ची एकच उरलेली... शेजारच्या उंच तरुणाने आपलं पुस्तक मधोमध सरकवलं.

"तू मराठी आहे?" तिच्या बॅजवरचं नाव वाचून तो कुजबुजला. "मी अनिश. शाळेत शिकवतो. मला एक मदत हवा आहे."

"हवी आहे," ती हसून म्हणाली.

लंडनमधल्या ईलिंगला त्याचे आजोबा होते, मुरलीधर. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं होतं. उरली फक्त मराठी. अनिशला त्यांना गोष्ट सांगायची होती, दहा वर्षांचं युद्ध संपल्यावरही आणखी दहा वर्षं समुद्रात भरकटलेल्या राजाची.

मग दर शनिवारी वर्गानंतर कॉफी आणि मराठी.

"समुद्र शांत झाली—"

"झाला."

"बोट निघाला."

"निघाली. हाताचं असेल, तर मात्र ते बोट."

अनिशने हळूच तिच्या बोटाला बोट लावलं. "हे?"

"हे... नपुंसकलिंगी," ती कशीबशी म्हणाली आणि कपाऐवजी बशीच उचलली.

जूनमध्ये तिला नॉटिंगहॅमला नोकरी मिळाली. आज सांगू, उद्या सांगू... तिच्याच्याने सांगवेना.

ईलिंगला दोघं बरोबरच गेली. अनिश अडखळत सांगू लागला. राजा वीस वर्षांनी घरी पोचतो, पण बायको त्याला सहजासहजी ओळख देत नाही... आजोबांची नजर खिडकीबाहेर. अनिशचा आवाज विरत गेला. तोच त्यांनी मान वळवली.

"बरोबर आहे तिचं," ते सावकाश म्हणाले. "पत्र तरी... टाकायचं होतं."

अनिश हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले.

किचनमध्ये अनिशबरोबर चहाचं पाणी ठेवताना चैत्रालीला राहवेना. "मी ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला चाललेय. आधीच सांगायला हवं होतं."

"किती दिवस?"

"तीन वर्षं."

केटल उकळून बंद झाली. त्याने कप पुढे ओढले.

"मी तिथे नोकरी बघू?"

"शाळा आवडत नाही ही?"

"खूप आवडते. पण तू... जास्त."

चैत्रालीने ओल्या हातांनीच त्याचा चेहरा धरला. "ये," ती म्हणाली. "नक्की ये."

बाहेरून आजोबांनी हाक मारली. त्यांना अजून चहा मिळाला नव्हता.