अळणी पंगत

ही हकीकत माझ्या मावसबहिणीची, कल्पिताची. तिने ती मला दोनदा सांगितली. दोन्ही खेपेला वेळा, आकडे, कोण काय बोललं, सगळं तेच होतं. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत केमिस्ट आहे. दिसलं तेवढंच लिहायचं, ही तिची वीस वर्षांची सवय. म्हणून मी विश्वास ठेवते. तुम्ही ठेवालच असं नाही.

गेल्या डिसेंबरातली संकष्टी. रविवार.

वेळ दुपारी साडेबाराची. रात्र नव्हती, हे आधीच सांगते.

जागा म्हणजे मुलुंड पूर्वेचा एक नवा मॉल. उघडून जेमतेम नऊ दिवस झाले होते. कल्पिता, तिची सात वर्षांची मुलगी जान्हवी आणि सासूबाई वनमाला, अशा तिघी गेल्या होत्या. नवरा सुबोध बोटीवर इंजिनियर, तेव्हा भर समुद्रात.

आधी तासभर नुसत्या फिरल्या. तळमजल्यावर भलंमोठं वाणसामानाचं दुकान. तिथे प्लॅस्टिकच्या डब्यात सोललेला लसूण पाहून सासूबाई हसत सुटल्या.

"सोलूक पण वेळ नाय गो लोकांका?"

"तुम्ही सोलून देता म्हणून. नाहीतर मीही हाच घेतला असता."

"घे तर! मी जातंय मालवणाक. मगे बस लसूण विकत आणीत."

पहिल्या मजल्यावर जान्हवीला बूट घेतले. सरकत्या जिन्यावर सासूबाई पाऊल टाकेनात. "आजी, एक, दोन, तीन, उडी!" करत जान्हवीने त्यांना वर नेलं.

तिसऱ्या मजल्यावर खाण्याची ठिकाणं होती. पिझ्झा, मोमो, डोसा, चायनीज. सगळीकडे रांगा. एक टेबल रिकामं नाही. निम्म्या गाळ्यांवर 'लवकरच येत आहोत'चे फलक.

"मम्मा, भूक."

"पाच मिनिटं, बाळा."

"तू मघापासून पाच मिनिटंच म्हणतेयस."

डोशाच्या काउंटरशेजारून एक लांब बोळ आत जात होता. एका बाजूला काच, काचेपलीकडे जुनी मिठागरं. दुसऱ्या बाजूला बंद शटरं. पुढे काही असेल म्हणून त्या आत शिरल्या.

वळण आलं… आणि मागचा गोंगाट बंद झाला.

कमी नाही झाला. बंद झाला.

शेवटच्या गाळ्याच्या दाराशी पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस उभा होता. वर फलक नव्हता.

"या. आज उद्घाटनाची पंगत आहे. दोन पानं मांडलीत."

"आम्ही तिघी आहोत," कल्पिता म्हणाली.

"ताईंचा उपास ना?"

कल्पिताचा संकष्टीचा उपास होता. तिने तो कुणाला सांगितला नव्हता. पण संकष्टीला निम्मं मुलुंड उपाशी असतं, असं तिने स्वतःलाच समजावलं.

आत तीसेक माणसं जेवत होती. जमिनीवर पाट, पुढे केळीची पानं, अगदी गावच्या लग्नात असतात तशी. सासूबाई खूश झाल्या. जान्हवी मांडी घालून बसलीसुद्धा.

कल्पिता भिंतीशी उभी राहिली. काहीतरी खटकत होतं. काय, ते कळायला तिला मिनिटभर लागलं.

भातातून वाफ येत होती… वास येत नव्हता.

डाळीचा नाही. तुपाचा नाही. माणसांचाही नाही.

आणि तीस माणसं जेवत असून भांड्याचा आवाज नव्हता.

"अगो," सासूबाई म्हणाल्या, "पानात मीठ नाय."

पान वाढताना सगळ्यांत आधी मीठ वाढतात. लिंबाची फोड होती, चटणी होती, कोशिंबीर होती. मिठाची जागा कोरी होती.

"मीठ हाड रे बाबा."

वाढणारा थांबला. त्याच्याबरोबर… अख्खी पंगत थांबली. तीस हात तोंडापाशी तसेच थांबले.

मग तो वळला, आत गेला आणि भात घेऊन आला.

सासूबाईंनी पुन्हा मीठ मागितलं. पुन्हा सगळे थांबले. या खेपेला त्याने वरण आणलं.

सासूबाईंनी एक घास तोंडात घातला. लगेच तोंड फिरवून तो पदरात काढला.

"अळणी आसा! जान्हवी, जेवा नको!"

जान्हवी ऐकत नव्हती. घरी एका पोळीसाठी तासभर घेणारी पोर दोन्ही हातांनी भात खात होती.

सासूबाईंनी पिशवीतून एक लहान स्टीलची डबी काढली. झाकण उघडलं. आत मीठ.

"आई!" कल्पिता खाली वाकली. "हे बरोबर घेऊन फिरता तुम्ही? बीपी एकशे ऐंशीवर गेलं होतं, विसरलात? डॉक्टर काय म्हणाले?"

"माझ्यासाठी न्हय गो. चेडवाच्या पानात घालूक दी. चिमूटभर."

"तिला काही नकोय. बघा, कशी जेवतेय."

"ताच सांगतंय मी तुका! आमच्या गावाक म्हातारी माणसां सांगायची. ज्या पंगतीत मीठ नाय, ती पंगत जित्या माणसांची नाय."

"आई, हा मॉल आहे."

तिने डबी काढून घेतली, झाकण घट्ट लावलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

सांगताना इथे आली की कल्पिता दोन्ही वेळा थांबली होती.

सासूबाईंनी नातीला काखेत हात घालून उठवलं, तोवर तिचं पान चाटूनपुसून स्वच्छ झालं होतं. वाढणाऱ्याने सासूबाईंच्या पानातलं सगळं एका डब्यात भरलं आणि कल्पिताच्या हातात दिलं.

"चंद्र उगवल्यावर घ्या," तो म्हणाला.

घरी आल्यावर सासूबाईंनी तो डबा उघडू दिला नाही. दोघींचं कडाक्याचं वाजलं. रात्री चंद्र बघून कल्पिताने घरचे मोदक खाल्ले, आणि सकाळी तो डबा घेऊन कामावर गेली. सासूबाईंचं तोंड बंद करायचं, एवढाच हेतू. डाळीत मीठ किती आहे याचा आकडाच आणून दाखवते, म्हणाली.

तिच्याकडे त्यासाठी यंत्र आहे. नमुना ज्योतीत उडतो आणि सोडियम किती, पोटॅशियम किती ते कळतं. तिने डाळ पातळ करून गाळली आणि लावली.

पोटॅशियम आलं. डाळीत असतं तेवढं.

सोडियम… शून्य.

असं होत नाही. मीठ घातलंच नाही, तरी डाळीत थोडं सोडियम असतं. नळाच्या पाण्यात असतं. तिने यंत्र पुन्हा जुळवलं. शुद्ध पाण्यात बोटाचं टोक बुडवून लावलं. नुसत्या घामाने काटा उडाला. यंत्र ठीक होतं.

मग तिने डाळीच्या नमुन्यात चिमूटभर मीठ टाकलं. ढवळलं. लावलं.

शून्य.

आणखी एक चिमूट.

शून्य.

मीठ जात होतं कुठे?

तेवढ्यात शाळेतून फोन आला. जान्हवीला उलट्या होत होत्या. बाईंना ती ओळखत नव्हती.

इस्पितळात पोचेपर्यंत तिला झटका येऊन गेला होता. रक्त तपासलं. सोडियम एकशे बारा. निरोगी मुलाचं एकशे पस्तीसच्या वर असतं.

"मीठ खूप उतरलंय," डॉक्टर म्हणाल्या. "सलाइनमधून देतो. हळूहळू चढेल."

रात्रभर चढवलं. सकाळी एकशे अकरा. दुपारी एकशे दहा. लघवीतून जात नव्हतं. घामातून जात नव्हतं. डॉक्टरांनी स्वतः उभं राहून पुन्हा रक्त काढलं. आकडा तोच.

"जातंय कुठे हे?" त्या पुटपुटल्या.

कल्पिताने तो प्रश्न आदल्या दिवशीच विचारला होता.

जान्हवी ग्लानीत होती. मध्येच उजवा हात उचलायची, बोटं मिटायची आणि तोंडाकडे न्यायची. काहीतरी चावायची. गिळायची.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, कल्पिताने पर्समधून ती डबी काढून सासूबाईंपुढे धरली.

"आई… मी घालू दिलं असतं तर…"

सासूबाईंनी डबीकडे बघितलंही नाही.

"आता तेचो उपेग नाय. जेवण झाला तिचा." थोड्या वेळाने त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "तू रडा नको. तुका ठाऊक नव्हता. मी घराक जावन आंघोळ करून येतंय."

त्या साडेअकराला निघाल्या.

बारा चाळीसला जान्हवीने डोळे उघडले.

"मम्मा, पाणी."

कल्पिताने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. सवयच ती. दोन वाजता रिपोर्ट आला. एकशे छत्तीस.

"इतक्या वेगाने चढत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "चढायलाही नको. मेंदूला धोका असतो." त्यांनी पोरीला चालवलं, आकडे म्हणायला लावले, बोटं मोजायला लावली. पोर ठणठणीत होती.

ही बातमी द्यायला कल्पिताने सासूबाईंना फोन लावला. फोन एका पुरुषाने उचलला.

"मी धोंडिराम बोलतोय, मॉलचा सिक्युरिटी. आजी तुमच्या का? ताई, लवकर या तुम्ही."

तिसऱ्या मजल्याच्या बोळात, शेवटच्या गाळ्याचं शटर अर्धं वर होतं. आत उघड्या विटा, सिमेंटची पोती, लोंबणाऱ्या वायरी. जमिनीवर बोटभर धूळ. हा गाळा अजून कुणी घेतलेलाच नव्हता.

सासूबाई मधोमध बसल्या होत्या. मांडी घालून, पाठ ताठ. पुढ्यात काही नव्हतं. उजव्या हाताची पाचही बोटं जुळलेली, घास उचलावा तशी.

अंग गार पडलं होतं.

"मी बघितलं त्यांना आत जाताना," धोंडिराम म्हणाला. "म्हटलं आजी, इथे काही नाही, बाहेर या. माझ्याकडे बघेनात. कुणाशी तरी बोलत होत्या."

"काय बोलत होत्या?"

"म्हणत होत्या… चेडवाचा पान उचल. मी बसतंय. अळणीच वाढ."

"किती वाजता?"

"साडेबारा होऊन गेले होते, ताई."

धुळीत सासूबाईंच्या पावलांचे ठसे होते. दारापासून बसल्या जागेपर्यंत. धोंडिरामचे आणि कल्पिताचे सोडले, तर दुसरे कुणाचेच नव्हते.

पण त्यांच्या दोन्ही बाजूंना, ओळीने… पाटाएवढे स्वच्छ चौकोन होते. कल्पिताने मोजले. एकतीस.

दाखल्यावर हृदयविकार लिहिलं गेलं. बीपी होतंच. कुणी जास्त विचारलं नाही.

सुबोध नवव्या दिवशी पोचला. जान्हवी घरी आली होती, खात होती, खेळत होती. दर दोन दिवसांनी रक्त तपासत होते. सोडियम नीट. आजी गेली हे तिला सांगितलं होतं, पण ती रडली नव्हती. लहान आहे, कळत नसेल, असं सगळे म्हणाले.

तेराव्याला जेवणं उरकली, पाहुणे निघाले. कोपऱ्यात आजीच्या घडी केलेल्या साड्या होत्या. जान्हवी त्यांच्यापाशी गेली, वरच्या साडीत तोंड खुपसलं आणि एकदम मोठ्याने रडायला लागली. आजारातून उठल्यापासून पहिल्यांदा.

कल्पिताने तिला कुशीत ओढलं. पोर हमसून हमसून रडत होती. गाल, हनुवटी, मान, सगळं ओलं. कल्पिता तिचे पापे घेत राहिली. एका गालाचा. दुसऱ्या गालाचा. डोळ्यांचे.

आणि थांबली.

ओठांवरून जीभ फिरवली.

पुन्हा एकदा, हळूच, तिच्या डोळ्याखाली ओठ टेकवले.

पाणी. नुसतं कोमट पाणी.

हे तिने सुबोधला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनाही नाही. मला सांगितलं तेव्हा जान्हवी आतल्या खोलीत चित्र काढत बसली होती. मी म्हटलं, तुला भास झाला असेल. दुःखात होतं तसं. एवढं वाटतंय तर कापसावर दोन थेंब घे आणि तुझ्या यंत्राला लाव. पाच मिनिटांचं काम.

कल्पिताने आतल्या दाराकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणला.

"लावलं, तर आकडा येईल गं."