जांभळा खडा

सोमेश्वर वसाहतीत आता कोणी कोणाला बी देत नव्हतं.

पूर्वी विरजण मागावं तितक्या सहज बायका ते मागत. कारखान्यातल्या गोळ्या परवडेनाशा झाल्यापासून औषध घरीच वाढवायची पद्धत पडली होती. दवाखान्यातून भुकटी मिळे. ती गरम पाण्यात विरघळवायची, बरणीत ओतायची आणि दोऱ्याला एक बारीक स्फटिक बांधून आत सोडायचा. तो स्फटिक म्हणजे बी. त्याच्यावर औषधाचे कण थरावर थर बसत आणि आठवड्याभरात बोराएवढा खडा तयार होई. रोज त्यातला थोडा खरवडून घ्यायचा. ओळखू यावं म्हणून भुकटीत रंग असे. साखरेचं औषध पिवळं, दम्याचं हिरवं, हृदयाचं निळं. स्वयंपाकघराच्या खिडकीत उन्हात ठेवलेल्या या बरण्या छान दिसत.

आता त्या खिडक्यांना पडदे लागले होते. हेमा तोडकर गेल्यापासून.

हेमाचा निळा खडा शेवटी शेवटी जांभळट झाला होता. "रंग काय सुरेख आलाय," ती नवऱ्याला म्हणाली होती. औषध रोज वेळेवर घेऊनही एका सकाळी तिचं हृदय थांबलं. बी तिने शेजारच्या लीला बोंद्रेंकडून आणलं होतं. हेमाच्या नवऱ्याच्या, रघुनाथ तोडकरांच्या डोक्यात तेवढंच राहिलं.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांनी हेमाचा खडा रुमालात बांधला आणि ते बोंद्रेंकडे गेले.

"वहिनी, तुमची बरणी दाखवा."

"पोलिसात लागलात की काय, भावजी?" लीलाबाई म्हणाल्या, पण त्यांनी बरणी पुढे केली. त्यांच्या मुलीला, मुक्ताला, तेच औषध लागायचं.

तोडकरांनी झाकण काढलं आणि आपला खडा बरणीच्या तोंडाशी धरून रंग ताडून पाहिला. बोंद्रेंचा खडा निळाच होता. बदलला असणार, असं त्यांना वाटलं. मग ते निळं औषध वाढवणाऱ्या प्रत्येक घरी गेले आणि प्रत्येक बरणी तशीच पाहिली. माणूस दुःखात आहे म्हणून कोणी अडवलं नाही. पण ते गेल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. हेमाला वाईट बी कोणी दिलं, याची कुजबुज सुरू झाली आणि पडदे आले.

पंधरा दिवसांनी तोडकर पुन्हा बोंद्रेंकडे गेले. या वेळी खडा जांभळा होता. त्यांनी बोलून दाखवलं नाही. एक कपचा मागून घेतला आणि थेट जिल्ह्याची प्रयोगशाळा गाठली.

"हा आमच्या हिचा खडा आणि हा शेजारणीचा," त्यांनी डॉ. मृदुला खांबेटेंपुढे दोन्ही ठेवले. "सापडली की नाही चोरी?"

खांबेटेबाईंनी दोन्ही तपासले. "दोन्ही एकच आहेत. औषधही खरं आहे, भेसळ नाही."

"मग ती मेली कशी?"

"विटा त्याच, भिंत वेगळी. सैल रचलेली भिंत हाताने ढासळते, घट्ट रचलेली ढासळत नाही. निळा खडा सैल रचनेचा, तो पोटात विरघळतो. जांभळ्यात तेच कण घट्ट बसलेत. तो गिळला तसाच बाहेर पडतो. आम्ही त्याला हट्टी रूप म्हणतो."

"हट्टी का?"

"कारण ते एकदा जन्मलं की जुन्या रूपाला जागा देत नाही. त्याचा डोळ्यांना न दिसणारा कण जरी निळ्या बरणीत पडला, तरी सगळी बरणी त्याच्या वळणावर जाते."

"म्हणजे लीलावहिनींनी हेमाला तोच कण दिला."

"तुम्ही पहिल्यांदा पाहिलीत तेव्हा त्यांची बरणी कशी होती?"

"निळी. पण ती त्यांनी बदलली असणार."

"हट्टी रूप एकदा घरात शिरलं की बरणी बदलून भागत नाही. निळी होती म्हणजे तोवर ते त्या घरात नव्हतं." बाई थांबल्या. "तुम्ही ती पाहिलीत कशी?"

तोडकरांनी रुमाल उलगडून दाखवला. घड्यांमध्ये जांभळी धूळ होती. खडा बरणीच्या तोंडाशी कसा धरायचा, ते दाखवायला त्यांनी हात उचलला आणि तो तसाच राहिला.

ते म्हणाले, "मग आमच्या बरणीत कोणी आणलं?"

"कोणीच नाही. ते कुठल्याही बरणीत आपोआप जन्मू शकतं. कुठेतरी पहिल्यांदा जन्मतंच."

बाईंनी रुमाल काढून घेतला, कण त्यांच्या कपड्यांवरही असतील असं बजावलं आणि बोंद्रेंसाठी कारखान्यातल्या गोळ्यांचं पाकीट सीलबंद पिशवीत घालून दिलं. कोरड्या गोळीला धोका नव्हता. पण पाकीट फार दिवस पुरणारं नव्हतं.

"बाहेरगावाहून निळं बी आणलं तर?"

"आणून पाहू. पण तुमच्या वसाहतीत ते आता धरेल असं वाटत नाही."

वसाहतीत परतल्यावर तोडकर बोंद्रेंच्या फाटकाबाहेरच उभे राहिले.

"आत या की, भावजी."

"मुक्ताला आजचं औषध दिलंत?"

"द्यायचंय. का?"

"देऊ नका." त्यांनी पिशवी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली, चार पावलं मागे सरले आणि बाईंनी सांगितलं तसं सगळं सांगितलं. लीलाबाई पायरीवर उभ्या राहून ऐकत होत्या.

"मग आमच्या बरणीत हे आलं कुठून?"

"माझ्याकडून."

"आणि हेमाच्या?"

"कुणाकडूनच नाही."

मुक्ता दारात आली होती. लीलाबाईंनी तिला हाताने मागे सारलं. आपण गेल्याशिवाय लीलाबाई पिशवीजवळ येणार नाहीत, हे तोडकरांना दिसलं.

ते पुढच्या घराकडे निघाले, दोन्ही बाजूंच्या खिडक्यांपासून सारखंच अंतर ठेवत, रस्त्याच्या मधोमध.