सात नंबरचं काउंटर

मधाची बरणी फरशीवर आपटून फुटली... आणि आईने आधी उजवं मनगट पाठीमागे लपवलं, मग मधाकडे पाहिलं!

"सुपरवायझर झालो म्हणून तोंड गोड कर म्हटलं, तर आईसाहेबांनी फरशीचं केलं," मुलगा म्हणाला.

"टिंग," बाबा पेपरामागून म्हणाले.

एकोणीस वर्षं दुकानाच्या काउंटरवर काढल्यामुळे घरीसुद्धा मीठ असो, चष्मा असो, एकदा तर शेजारणीचं बाळ... आई सगळं उजवीकडून डावीकडे सरकवायची आणि बाबा वस्तूची नोंद करणाऱ्या काउंटरच्या यंत्रासारखं 'टिंग' म्हणायचे. त्यांच्या संसारातला प्रेमाचा उच्चार तो एवढाच!

हात दुखतोय, हे सांगायचं कुणाला? दुखण्याचा फॉर्म सुपरवायझरकडे द्यायचा, आणि सुपरवायझर पोटचा पोरगा! नव्या सुपरवायझरच्या हाताखाली कुणाचं दुखणं निघालं की त्याची बढती परत घेतात, हे तिने मागच्या सुपरवायझरच्या वेळी पाहिलं होतं. म्हणून ती माउली सहा आठवडे डाव्या हाताने पाण्याच्या बाटल्यांचे गठ्ठे ओढत होती. उजवा निव्वळ शोभेला.

सोमवारी कोण किती वेगाने माल सरकवतं, त्याची यादी आली. यादीत माणसं नसतात, कामगार क्रमांक असतात, आणि आईचा क्रमांक कुणाला पाठ असतो! मुलाने सर्वांत मंद अशा ४१७ला ताकीद धाडली. खाली यंत्राचं ठरलेलं वाक्य होतं : 'आपण सारे एक कुटुंब आहोत.'

मग तो स्वतः काउंटरांपाशी आला. "४१७ कोण? उभं राहा."

सात नंबरच्या काउंटरवर आई उभी राहिली.

"आई... तू?"

"साहेब, रांग थांबलीय."

त्याने तिचा हात धरला. ती किंचाळली! मनगट सुजून टम्म झालं होतं.

"कधीपासून हे?"

"तुझ्या मुलाखतीच्या आधीपासून. म्हटलं, तुझं नक्की होऊ दे."

"मला सांगायचंस ना गं!"

"कुणाला सांगू रे? मुलाला, की सुपरवायझरला?"

"आधी माझं दूध घ्या," गिऱ्हाईक म्हणालं, "मग रडा."

रडत रडतच त्याने दूध यंत्रावरून सरकवलं. मग ताकीद मागे घ्यायला बसला. यंत्राला मागे घेणं ठाऊक ते फक्त मालाचं; त्याने कारण विचारलं : चुकीची वस्तू, की फुटलेली वस्तू? त्याने 'फुटलेली' दाबलं... यंत्र म्हणालं, पावती जोडा! शेवटी त्याने दुखण्याचा फॉर्म स्वतःच भरला, आणि 'जबाबदार कोण' या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. बढती दुपारीच गेली. हात मात्र परत आला नाही. डॉक्टर म्हणाले, नस कायमची गेली, उशीर झाला.

संध्याकाळी तो आईला घास भरवत होता. तिचा रिकामा उजवा हात टेबलावरून आपोआप डावीकडे सरकला... बाबांनी तोंड उघडलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आवाज फुटेना!

"म्हणा ना हो," आई हळूच म्हणाली. "नाहीतर वाटतं, नोंदच झाली नाही."