कायम जतन

कुमुद तुमसरेला अभिलेखागाराच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवून घेतलं होतं, कारण ती आता स्वतःच सरकारी दस्त होती.

यंत्रं कागद आणि संगणकातल्या फायली इतक्या हुबेहूब बनवू लागली होती, की कोर्टांचा दोन्हींवरचा विश्वास उडाला. तेव्हापासून सरकार आपलं दप्तर जीवाणूंच्या डीएनएत लिहीत असे. पिढी दर पिढी त्या डीएनएत बारीक नैसर्गिक बदल साचत जातात. त्या बदलांची साखळी कुणालाच नकली बनवता येत नाही. मजकूर वाचून उतरवून घेतला, तर ती नुसती नक्कल. कोर्टात चालायचा तो जिवंत वंशच. त्याला सजीव दस्त म्हणत.

हे दस्त काचेच्या बरण्यांत वाढत. मुदत संपली की बरणीत ‘भक्षक’ सोडायचा. हा फक्त त्याच जीवाणूंना खाणारा विषाणू. कुमुद नष्टीकरण विभागात हेच काम करायची. भक्षक सोडण्याआधी एक बरणी तिच्या हातातून निसटली आणि तोंडावर फुटली. थोडं पाणी पोटात गेलं. ते जीवाणू निरुपद्रवी होते, पण दस्त गोपनीय होता आणि तो आवाराबाहेर नेणं हा गुन्हा होता. तपासणी करायची, भक्षक प्यायचा आणि घरी जायचं, एवढंच ठरलं होतं. तिने पिशवीही भरून ठेवली होती.

जीवशास्त्रज्ञ डॉ. शाहीन मुजावर अहवाल घेऊन आल्या आणि दार लावून बसल्या.

“कुमुदताई, त्या बरणीत सोनपाणी धरणग्रस्तांचे जमीनहक्क मिसळले होते. कुणाची चूक, ते कळलेलं नाही.”

“पण ते ‘अ’ वर्गातले! कायम जतन!”

“हो. आणि भक्षकाला वर्ग कळत नाही. ती बरणी फुटली, आणि तिची राखीव जोडबरणी त्याच दिवशी भक्षकाने संपवली. आता ते फक्त तुमच्या आतड्यांत आहेत.”

“मग काढून घ्या की, मॅडम. दुसऱ्या बरणीत घाला.”

“घालून पाहिले, मरतात. तुमच्या पोटातल्या हवामानाशी त्यांनी जुळवून घेतलंय.”

“मी घरी कधी जायचं?”

शाहीननी तिची भरलेली पिशवी उचलून कपाटात ठेवली.

धरणाकाठच्या त्या जमिनींवर एका कंपनीने दावा लावला होता. गावकऱ्यांकडे दुसरा पुरावा नव्हता. खबर लागताच ते येऊ लागले. फाटकाशी उभे राहून तिच्या खिडकीकडे बघत हात जोडायचे. एका म्हातारीने तर तिच्यासाठी साडी पाठवली. कुमुदला त्यांचा राग येई आणि राग आल्याची लाजही वाटे. हळूहळू तिने पडदा उघडणंच सोडलं.

मुलीला, मनवाला, ती काचेपलीकडून भेटायची. स्पर्श झाला तर पोरीच्या अंगातही दस्त गेला असता.

एके दिवशी नवरा, दिगंबर, फोनवर म्हणाला, “शाळेत आरोग्य तपासणी झाली. गंमत म्हणजे फक्त आपल्या मनवाचीच. पोट एकदम छान आहे म्हणे, अगदी तुझ्यासारखं.”

कुमुदने फोन ठेवला. तिने शाहीनना बोलावून घेतलं.

“कायम म्हणजे माझ्यानंतरही ना?”

“वरून विचारणा झालीय,” शाहीन खाली बघत म्हणाल्या. “माणूस मरतं. दस्ताला पुढचं घर लागेल, आणि जुळणारं पोट जवळच्या नातलगाचंच. मी विरोध केलाय, ताई.”

कुमुद उठून खाली गेली. आवाराबाहेर जायला बंदी असली, तरी खालच्या नष्टीकरण विभागात जायची तिला अजून परवानगी होती. भक्षकाचं कपाट तिच्याच अंगठ्याच्या ठशाने उघडायचं. बाटली तोंडाला लावताना तिला फाटकाशी उभी असलेली माणसं आठवली. तिने डोळे घट्ट मिटले आणि बाटली रिकामी केली.

मग शाहीनसमोर जाऊन ती म्हणाली, “गेला तुमचा दस्त. मला काय शिक्षा द्यायची ती द्या. पोरीला हात लावू नका.”

शाहीननी नमुना घेतला. यंत्राचं उत्तर आलं ते त्यांनी दोनदा वाचलं.

“बहुतेक मेलेत. पण काहींच्या अंगावर भक्षकाला चिकटताच येत नाही, ते वाचलेत. आता तेच वाढतील. या वंशाला भक्षक पुन्हा कधीच मारू शकणार नाही.”

“दस्त?”

“शाबूत आहे. एक अक्षरही गेलेलं नाही.”

कुमुदवर कारवाई झाली नाही. शाहीनना अहवाल पाठवावा लागला आणि तो मंत्रालयात फार काळजीपूर्वक वाचला गेला. बरणी फुटते, बरणी चुकून नष्ट होते. माणसाच्या पोटातला दस्त मात्र त्या माणसालाही नष्ट करता आला नव्हता.

पुढच्याच महिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्यांना रंग लागला. सकाळी आवारात ट्रक आला. कुमुदने पडदा बाजूला केला. माणसं लोखंडी खाटा उतरवत होती. बऱ्याच होत्या, आणि त्यातली एक लहान होती.